छातीतली धडधड आणि पूरक गोळ्या: उपयोग कुणाला, अपाय कुणाला?

गेल्या काही वर्षांत औषधांच्या दुकानांतल्या फळ्यांवर आणि ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवर मॅग्नेशियम ग्लायसिनेट, ओमेगा-३, को-क्यू-टेन, टॉरिन अशा नावांच्या बाटल्यांची गर्दी झाली आहे. हृदयाचे आरोग्य राखण्याचे आश्वासन त्यांतल्या बहुतेकांवर छापलेले असते. दुसरीकडे, युरोपातील औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये असा इशारा दिला की हृदयविकाराच्या रुग्णांनी ओमेगा-३ ची औषधे मोठ्या मात्रेत घेतली तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढू शकतो. जी वस्तू हृदयासाठी म्हणून विकली जाते तिच्यामुळेच लय बिघडू शकते, हे वाचून सामान्य माणूस गोंधळणारच. छातीत धडधडणारा माणूस तर आधीच घाबरलेला असतो. मध्यरात्री मोबाइलवर उपाय शोधताना त्याच्यासमोर पहिल्यांदा येते ती गोळ्यांची जाहिरात.

म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा. पूरक गोळ्यांनी धडधड थांबते का, या प्रश्नाला सर्वांसाठी मिळून एकच उत्तर नाही. धडधड कशामुळे होते आहे आणि त्या माणसाच्या शरीरात खरोखर कशाची उणीव आहे, या दोन गोष्टी कळल्यावरच ते देता येते.

धडधडताना आत काय घडत असते

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून विजेचा सूक्ष्म संदेश निघतो, तो आधी वरच्या कप्प्यांत आणि मग खालच्या कप्प्यांत पसरतो, आणि हृदय आकुंचन पावते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसात असे मिनिटाला ६० ते १०० वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा घडते. एरवी यातला एकही ठोका आपल्याला जाणवत नाही. जाणवू लागला की त्याला आपण धडधड म्हणतो.

ही जाणीव अनेक प्रकारची असते. कुणाला छातीत फडफडल्यासारखे होते, कुणाला ठोका घशाशी आल्यासारखा वाटतो, तर बऱ्याच जणांना मधेच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटून पुढचा ठोका जोरात बसतो. या शेवटच्या प्रकारात बहुधा ठोका चुकलेला नसतो, तो वेळेआधी पडलेला असतो. अशा आगाऊ ठोक्याला डॉक्टर ‘एक्टोपिक’ म्हणतात. वेळेआधीच स्टँडवरून निघालेल्या एस.टी.त जेमतेम चार प्रवासी असतात आणि तिच्यानंतरची गाडी उशिरा आली की ती खच्चून भरते, तसेच इथे होते. आगाऊ ठोक्याच्या वेळी हृदयात पुरेसे रक्त भरलेले नसते, म्हणून तो जाणवतही नाही. त्यानंतर हृदय नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबते, तेवढ्या वेळात त्यात जास्त रक्त जमते आणि पुढचा ठोका छातीवर आतून थाप मारल्यासारखा लागतो.

असे आगाऊ ठोके निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारे ‘होल्टर’ नावाचे यंत्र लावले, तर काहीही त्रास नसलेल्या बऱ्याच माणसांच्या नोंदीत ते सापडतात. हृदयाची रचना आणि पंपिंग नीट असेल आणि असे ठोके मोजकेच असतील, तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात.

मात्र धडधडीची दुसरी कारणेही आहेत आणि ती सगळी इतकी सौम्य नाहीत. ताप, रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, शरीरातले पाणी कमी होणे, भीती, अतिश्रम यांमुळे हृदयाचे ठोके लय न बिघडताही भरभर पडू लागतात. काहींच्या हृदयात विजेचा जादा मार्ग जन्मतःच असतो आणि त्यामुळे ठोक्यांचा वेग अचानक मिनिटाला दीडशेच्या पुढे जातो, मग तसाच अचानक उतरतो. आणि एक विकार असा की ज्यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी पूर्णपणे अनियमित होते. त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन, यापुढे त्याला आपण ‘एएफ’ म्हणू. एएफमध्ये हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, त्यामुळे अशा रुग्णांत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. योग्य रुग्णाला रक्ताची गुठळी रोखणारी औषधे वेळेवर मिळाली तर तो बराच टळतो.

पूरक गोळ्यांबद्दलची माझी सर्वांत मोठी काळजी इथेच आहे. धडधडणाऱ्या माणसाने ईसीजी न काढता महिनोन्‌महिने मॅग्नेशियम घेतले आणि आत एएफ असेल, तर त्या गोळीने थेट अपाय केला नसला तरी उपचाराचा मोलाचा काळ वाया गेलेला असतो.

मॅग्नेशियमवर एवढा विश्वास कशामुळे?

हा विश्वास पोकळ नाही. हृदयाच्या पेशींत सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे कण सतत आत-बाहेर करत असतात आणि त्या ये-जा करण्यातूनच विजेचा संदेश तयार होतो. सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी जी यंत्रणा प्रत्येक पेशीच्या आवरणात असते, तिला काम करायला मॅग्नेशियम लागते. मॅग्नेशियम फार घटले की मूत्रपिंडातून पोटॅशियमही वाहून जाते. अशा वेळी कितीही पोटॅशियम दिले तरी, मॅग्नेशियमची तूट भरून काढल्याशिवाय, ते टिकत नाही.

रुग्णालयात तर मॅग्नेशियम प्राण वाचवणारे औषध आहे. ‘टोर्साड द प्वाँत’ नावाचा एक भयानक लयबिघाड असतो, त्यात खालच्या कप्प्यांतून पिळवटलेल्या आकाराच्या लहरी उमटतात. त्यावर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देणे हा जगभर मान्य असलेला पहिल्या फळीचा उपचार आहे. पण अतिदक्षता विभागात, मॉनिटर लावलेल्या रुग्णाला, शिरेतून दिलेल्या औषधाचा हा अनुभव आहे. घरी जेवणानंतर घेतलेल्या गोळीला तो जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण तोंडाने घेतलेले मॅग्नेशियम हळूहळू आणि अंशतःच शोषले जाते, आणि मूत्रपिंडे निरोगी असतील तर जास्तीचे लघवीवाटे निघून जाते.

मग तोंडाने घेतलेल्या मॅग्नेशियमचा अभ्यास झालाच नाही का? झाला आहे, पण थोडा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात वारंवार आगाऊ ठोके पडणाऱ्या २३२ रुग्णांपैकी काहींना तीन आठवडे मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दिले, काहींना तशीच दिसणारी औषधरहित गोळी दिली. औषध घेणाऱ्यांचे आगाऊ ठोके सुमारे १७ टक्क्यांनी घटले, परंतु त्यांना होणारा त्रास मात्र कमी झाला नाही. उलट, ब्राझीलमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ६० जणांच्या अभ्यासात महिनाभर मॅग्नेशियम पिडोलेट घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्रास कमी झाला आणि औषधरहित गोळी घेणाऱ्यांत फारच थोड्यांना बरे वाटले. एक अभ्यास तीन आठवड्यांचा, दुसरा लहान आणि महिनाभराचा. यावरून एवढेच म्हणता येते की काही रुग्णांना मॅग्नेशियमचा उपयोग होण्याची शक्यता आहे. धडधडणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावे, असे सांगण्याइतका हा पुरावा भक्कम नाही.

खरी उणीव असलेल्या माणसांची गोष्ट वेगळी आहे, आणि अशी माणसे आपल्या आसपास बरीच आहेत. रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, दीर्घकाळ मद्यपान करणारे, वरचेवर जुलाब होणारे, साखर आटोक्यात नसलेले मधुमेही यांच्या शरीरातले मॅग्नेशियम घटू शकते. यात एक गट सहज नजरेतून सुटतो. तो म्हणजे ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल घेणाऱ्यांचा. मुळात काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली ही गोळी आपल्याकडे अनेक जण वर्षानुवर्षे, डॉक्टरांना पुन्हा न विचारता, घेत राहतात. अशा औषधांच्या दीर्घ वापराने, विशेषतः एक वर्षाहून अधिक काळ घेतल्यास, मॅग्नेशियम कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिला आहे. अशा रुग्णाला मॅग्नेशियमची नवी बाटली सुरू करण्याआधी ॲसिडिटीची जुनी गोळी अजून लागते का, हे विचारणे जास्त महत्त्वाचे आहे.

‘रक्तातले प्रमाण ठीक असले तरी शरीरात कमतरता असू शकते ना?’

ही शंका रास्त आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत, आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी असते. त्यामुळे रक्ताचा अहवाल चांगला आला तरी साठा थोडा कमी असणे शक्य आहे.

परंतु या वाक्याचा जाहिरातींत होणारा वापर मला पटत नाही. तपासणीत कमतरता सापडली तर गोळी घ्या आणि नाही सापडली तरीही घ्या, असे म्हटल्यावर ती गोळी कुणाला नको हे ठरवण्याचा मार्गच उरत नाही. रक्तातले प्रमाण समाधानकारक आहे, मूत्रपिंडे ठीक आहेत, मॅग्नेशियम घटवणारे कोणतेही औषध चालू नाही आणि जेवण बरे आहे, अशा माणसात मोठी कमतरता दडून बसण्याची शक्यता फार कमी असते. शंका राहिलीच तर तिच्यासाठी आपल्या ताटात भरपूर वाव आहे. बाजरी, ज्वारी, नाचणी यांच्या १०० ग्रॅम धान्यात साधारण १२५ ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. तीळ, शेंगदाणे, हरभरा, राजगिरा आणि हिरव्या पालेभाज्या यांतूनही ते चांगले मिळते. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आणि मैदा यांत मात्र ते पुष्कळ घटलेले असते.

‘पण मला तर गोळीने फरक पडला’

हा अनुभव खोटा आहे असे कुणी म्हणू नये. फरक पडलेला असतो. प्रश्न एवढाच की तो गोळीनेच पडला का.

आगाऊ ठोक्यांची संख्या एकाच माणसात एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे खूप बदलते. आज हजार असतील, उद्या शंभर, परवा पुन्हा सहाशे. माणूस गोळी सुरू करतो ती त्रास शिगेला पोहोचल्यावर. तिथून पुढचे दिवस काहीही केले नाही तरी बऱ्याचदा बरेच जातात. त्यात तो घाबरून जागरण कमी करतो, दारू-तंबाखू कमी करतो, जेवण वेळेवर घेतो, आणि उपाय सापडला या भावनेने मनही निवांत होते. भीतीने शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि त्याने आगाऊ ठोके वाढतात, म्हणून मन निवांत होण्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. तुलनेसाठी औषधरहित गोळी घेणारा गट का लागतो, याचे कारण हेच आहे.

याला जोडूनच एक जुना धडा सांगायला हवा, कारण लयीच्या उपचारांचा सगळा विचार त्याने बदलून टाकला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत आगाऊ ठोके जास्त असतील तर मृत्यूचा धोका जास्त असतो, हे १९८० च्या दशकात ठाऊक होते. तेव्हा ठोके दाबले की मृत्यू टळतील, असे सर्वांना वाटत होते. ‘कास्ट’ नावाच्या अमेरिकी चाचणीत एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधे, ज्यांचे आगाऊ ठोके त्यांनी दबतात हे आधीच दिसले होते अशाच रुग्णांना देण्यात आली. १९९१ च्या अहवालानुसार, सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ६३ जण दगावले आणि औषधरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २६, दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे असूनही. ठोके कमी झाले होते आणि मृत्यू वाढले होते. म्हणून एखाद्या बाटलीवर ‘ठोके नियमित करते’ एवढेच लिहिले असेल, तर त्यातून हृदय सुरक्षित झाले असा निष्कर्ष निघत नाही.

पोटॅशियम: मनाने घेण्याची वस्तू नव्हे

पोटॅशियम कमी झाले की लय बिघडते आणि जास्त झाले तरीही बिघडते. रक्तातले त्याचे योग्य प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात असते. ते फार वाढले तर हृदय थांबू शकते. रक्तदाबासाठी आपल्याकडे घरोघरी चालणारी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारखी औषधे, तसेच स्पायरोनोलॅक्टोन, शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. मूत्रपिंडे थकलेली असतील तर ते आणखी साचते. अशा रुग्णाने सल्ल्याशिवाय पोटॅशियमची गोळी किंवा सिरप घेणे धोक्याचे आहे. ‘लो-सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, हेही अशा घरांत माहीत असायला हवे.

माशाच्या तेलाचा उलटा प्रवास

ओमेगा-३ ची कथा सर्वांत बोधक आहे. १९९९ मध्ये इटलीतील एका मोठ्या चाचणीत, झटका येऊन गेलेल्या रुग्णांना दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ दिल्यावर अचानक मृत्यूचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हृदयाच्या मित्र ठरल्या. मात्र पुढे झटक्यानंतरचे उपचार सुधारत गेले आणि नव्या चाचण्यांत तो फायदा विरत गेला. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट वारंवार दिसू लागली. दिवसाला ४ ग्रॅम घेणाऱ्यांच्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत एएफसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २.१ वरून ३.१ टक्क्यांवर गेले, तर दुसरीत नव्याने एएफ होण्याचे प्रमाण १.३ वरून २.२ टक्क्यांवर. २०२१ मध्ये सात चाचण्यांतील ८१ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा ओमेगा-३ घेणाऱ्यांत एएफचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. मात्रा दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ही वाढ जवळपास ५० टक्के होती, कमी मात्रेत बरीच कमी.

या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. २५ टक्क्यांनी वाढ म्हणजे शंभरात पंचवीस जणांना एएफ होतो असे नव्हे. समजा एरवी शंभरातल्या चार जणांना झाला असता, तर आता पाच जणांना होईल. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी फार वाढल्यामुळे डॉक्टरांनी ही औषधे लिहून दिली असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण तिथे फायद्या-तोट्याचा हिशेब वेगळा असतो. जेवणात बांगडा, तारली खाण्याशीही या इशाऱ्याचा संबंध नाही. पण धडधड होते म्हणून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू करण्याला आज कोणताही आधार उरलेला नाही. ज्यांना पूर्वी एएफ झालेला आहे त्यांनी तर त्या टाळणेच बरे.

ड जीवनसत्त्वाचीही याच अंगाने परीक्षा झाली. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर पाच वर्षांहून जास्त काळ चाललेल्या चाचणीत, रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा कमी मात्रेतले ओमेगा-३ घेऊन एएफ टळला नाही. ड ची कमतरता असेल तर ती हाडांसाठी जरूर भरून काढावी. मात्र आठवड्यातून एकदा घ्यायची ६० हजार युनिटांची पुडी चुकून रोज घेतली गेली, तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढते, आणि त्याचाही परिणाम लयीवर होतो. को-क्यू-टेन आणि टॉरिन यांच्याबद्दल, निव्वळ धडधडीपुरते बोलायचे तर, सांगण्यासारखा भक्कम पुरावा नाही.

जिथे गोळी खरोखर काम करते

रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला जास्त वेगाने धावावे लागते. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, आणि बाई म्हणते की ‘हल्ली दमच राहिला नाही’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच अवस्था आहे. या स्त्रियांच्या धडधडीवर मॅग्नेशियम ग्लायसिनेट हा उपाय नाही. त्यांना लोह हवे आहे, आणि मासिक पाळीत फार रक्त जाते का, हे विचारणारे कुणीतरी हवे आहे. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी इथे महागड्या बाटलीपेक्षा कितीतरी पटींनी उपयोगी आहे. ती चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही.

तरीही लोहसुद्धा तपासूनच घ्यावे. थॅलसेमिया मायनर हा रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष असलेल्यांचे हिमोग्लोबिन लोहाची उणीव नसतानाही थोडे कमी असते आणि त्यांना विनाकारण लोह देत राहणे चुकीचे आहे. फेरिटिन नावाची तपासणी लोहाचा साठा दाखवते. पूर्ण शाकाहारी माणसांत, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत, ब-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते. ते फार घटले तर रक्तक्षय होऊन धडधड होऊ शकते. या दोन्ही प्रकारांत पूरक गोळी किंवा इंजेक्शन हा नेमका उपचार असतो, कारण उणीव सिद्ध झालेली असते.

गोळीमुळेच धडधड होत असेल तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. व्यायामशाळेत ‘प्री-वर्कआउट’ म्हणून मिळणाऱ्या पावडरींच्या एका मापात दोन-तीन कप कॉफीइतके कॅफिन असू शकते, शिवाय काहींत सिनेफ्रिन किंवा योहिम्बिनसारखी उत्तेजके असतात. वजन घटवण्यासाठी विकली जाणारी इफेड्रा ही वनस्पती हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटनांमुळे अमेरिकेत २००४ मध्ये पूरक आहारातून बाद करावी लागली.

अश्वगंधेने काही जणांत थायरॉइडची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडचा अतिरेक हे धडधडीचे ठळक कारण आहे, तेव्हा अश्वगंधा सुरू केल्यावर धडधड, हात थरथरणे, वजन उतरणे असे काही जाणवले तर ती थांबवून तपासणी करावी. ज्येष्ठमध खोकल्यासाठी चार दिवस चघळले म्हणून काही बिघडत नाही. रोज भरपूर, आठवडेच्या आठवडे खाल्ले, तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे पोटॅशियम घसरते. अमेरिकेत ५४ वर्षांच्या एका माणसाचा, काही आठवडे रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पाकिटे खाल्ल्यावर, लयबिघाडाने मृत्यू झाल्याची नोंद २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनचा मामला आणखी निराळा आहे. ते धडधड घडवत नाही, पण मोठ्या मात्रेत घेतले तर प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची फसगत करते. थायरॉइड ठीक असताना अहवालात ते वाढलेले दिसू शकते. त्याहून गंभीर म्हणजे, हृदयविकाराचा झटका ओळखणारी ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येऊ शकते.

‘आयुर्वेदिक आहे, मग अपाय कसा होईल?’

अर्जुनसालीचा काढा, अर्जुन क्षीरपाक आणि अर्जुनारिष्ट यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अर्जुनावर छातीत दुखण्याच्या विकारात काही लहान अभ्यास झाले आहेत. परंतु धडधडीवर, एएफवर किंवा आगाऊ ठोक्यांवर त्याचा उपयोग दाखवणाऱ्या मोठ्या आणि काटेकोर चाचण्या नाहीत. अरिष्टे आंबवून तयार होतात, त्यामुळे त्यांत स्वतःहून तयार झालेले मद्य असते, हे मद्याने धडधड वाढणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

वनस्पतीत औषधी गुण आहे असे मानले की तिचा शरीरावर परिणाम होतो हेही मानावे लागते, आणि परिणाम करणारी प्रत्येक वस्तू जास्त मात्रेत किंवा चुकीच्या जोडीला अपाय करू शकते. शुद्ध न केलेल्या बचनागातले अ‍ॅकोनिटिन हृदयाची लय प्राणघातक रीतीने बिघडवते. म्हणूनच शास्त्रात त्याच्या शोधनाला एवढे महत्त्व दिले आहे. वैद्यांच्या देखरेखीखाली घेतलेले औषध आणि कुणीतरी पाठवलेल्या संदेशावरून मागवलेली पुडी यांत फार अंतर आहे.

बाटलीची मागची बाजू

समोर मोठ्या अक्षरांत ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते. हे वजन संपूर्ण संयुगाचे. त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, म्हणजे १४० मिलिग्रॅमच्या आसपास असते. बाटली फिरवून मागच्या तक्त्यात बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’ हा आकडा शोधावा लागतो, आणि हिशेबाला तोच धरायचा. मॅग्नेशियम ऑक्साइड या दुसऱ्या संयुगात प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा वाटा सुमारे ६० टक्के असतो, पण ते कमी शोषले जाते आणि पोट ढिले करते. अमेरिकेत पूरक गोळ्यांमधून घ्यायच्या मॅग्नेशियमची वरची मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम मानली आहे. त्याच मागच्या बाजूला, भारतात विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांवर, हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही अशा अर्थाची इंग्रजी सूचना असते, कारण कायद्याने ही उत्पादने अन्न या सदरात मोडतात. औषधाला जशी परिणामकारकता सिद्ध करावी लागते, तशी ती यांना करावी लागत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत मॅग्नेशियम साचून ठोके मंदावू शकतात, त्यांनी ते सल्ल्याशिवाय घेऊच नये. थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तिच्यापासून किमान चार तास दूर ठेवावे, नाहीतर ती नीट शोषली जात नाही.

मग धडधडले की करायचे काय?

धडधडीबरोबर शुद्ध हरपली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखले, धाप लागली, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते.

त्रास एवढा तीव्र नसेल तर मनगटावरची नाडी एक मिनिट मोजावी. ती किती आहे, तालात आहे की मधेच एखादा खंड पडतो, की ताल मुळीच सापडत नाही, हे लिहून ठेवावे. धडधड अचानक सुरू होते का, किती वेळ टिकते, त्याआधी काय खाल्ले-प्यायले होते, हेही लिहावे. शक्य असेल तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा, कारण त्रास थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुधा अगदी स्वच्छ येतो आणि निदान हुकते. त्याच्या जोडीला हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम, मॅग्नेशियम, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि साखर एवढ्या तपासण्यांतून उणिवेचे चित्र बरेच स्पष्ट होते. गरज वाटल्यास डॉक्टर होल्टर आणि टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतात.

तपासणीत मॅग्नेशियम कमी सापडले तर ते जरूर घ्यावे, मात्र कोणते, किती आणि किती दिवस हे ठरवून, आणि पुन्हा कधी तपासायचे तेही विचारून. कमतरता सापडली नाही, हृदय निरोगी निघाले आणि आगाऊ ठोके तेवढे त्रास देत असतील, तर मूत्रपिंडे ठीक असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारून महिनाभर मॅग्नेशियम घेऊन पाहायला हरकत नाही. त्या महिन्यात त्रासाची रोज नोंद ठेवावी, दुसरा कोणताही बदल एकाच वेळी करू नये, आणि फरक दिसला नाही तर गोळी बंद करावी.

डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारतात तेव्हा बहुतेक जण रक्तदाबाची आणि साखरेची गोळी सांगतात. चूर्ण, काढा, जिमची पावडर, केसांच्या गोळ्या हे सगळे औषधांत धरलेच जात नाही. घरातल्या अशा प्रत्येक डब्याच्या मागच्या तक्त्याचा, मात्रेचे आकडे दिसतील असा, फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा. बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी किती दिवस ते थांबवायचे, हे प्रयोगशाळेला किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावे.